भेटीचा आदेश आहे, पण दार उघडत नाही: पोलीस, अवमान की दरखास्त?

विभक्त राहणाऱ्या पालकाने मुलाला दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते सायंकाळी सहा भेटावे, असा न्यायालयाचा स्पष्ट आदेश हातात असतानाही कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार इंटरकॉम खाली ठेवून "आजोबा म्हणतात, बाळाला ताप आहे" एवढेच सांगतो आणि खेळण्याची पिशवी घेऊन आलेला बाप, क्वचित आईही, तशीच परत फिरते. हा ताप तीन-चार शनिवार उतरला नाही की सल्ले सुरू होतात: कोणी पोलीस ठाणे सुचवतो, कोणी अवमानासाठी थेट उच्च न्यायालय, कोणी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज. माझ्या मते बहुतेकांसाठी तिसरा मार्ग योग्य आहे, मात्र तो आदेशात दुरुस्ती मागणाऱ्या अर्जाच्या जोडीनेच.

मार्ग निवडण्याआधी आदेशाची प्रमाणित प्रत काढून दोन गोष्टी पाहाव्यात. आदेश अंतरिम आहे की अंतिम, आणि तो नेमका कोणाविरुद्ध आहे? अडवणूक आजी-आजोबा किंवा मामा करतात, परंतु आदेश सहसा ताबा असलेल्या पालकाला बांधतो, आणि "मी तयार आहे, पण घरचे ऐकत नाहीत" हा बचाव तिथूनच उगवतो. मूल ठरल्या जागी आणून पोहोचवणे ही त्या पालकाची जबाबदारी असल्याने हा बचाव फारसा टिकू नये. तरीही आदेशाची प्रत वकिलामार्फत त्या नातेवाइकांनाही नोंदणीकृत टपालाने पाठवावी, कारण पक्षकार नसलेली व्यक्तीही आदेश माहीत असून तो मोडण्यास जाणीवपूर्वक मदत करत असेल, तर अवमानाच्या कारवाईत सापडू शकते.

पोलिसांचा मार्ग सर्वांत जवळचा असला तरी हाती सर्वांत कमी देणारा आहे. भेट नाकारणे ही दिवाणी बाब समजली जाते आणि न्यायालयाने पोलीस मदतीचा वेगळा आदेश दिलेला नसेल, तर ठाणे अंमलदार फार तर अदखलपात्र नोंद करून घेतो. ती नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडते. पण गणवेशातले दोन शिपाई दारात पाहून घाबरलेले मूल पुढच्या भेटीला स्वतःच नको म्हणू लागते, हा तोटा नोंदीच्या फायद्याहून मोठा आहे.

अवमानाची कारवाई ऐकायला जरबेची वाटते. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 नुसार सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु कनिष्ठ न्यायालयाच्या आदेशाच्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे, आणि पुण्यासाठी ते मुंबईतच बसते. अवज्ञा हेतुपुरस्सर होती हे दाखवावे लागते, त्यामुळे डॉक्टरच्या एका चिठ्ठीने प्रकरण ढिले पडू शकते. एक वर्षाची मुदतही पाळावी लागते. शिवाय समोरच्याने माफी मागितली की प्रकरण बहुधा तिथेच मिटते, आणि बुडालेले शनिवार काही परत मिळत नाहीत.

दरखास्तीचे बळ इथेच आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, 1984 च्या कलम 18 मुळे या न्यायालयाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, म्हणजे जप्ती आणि दिवाणी कैद ही दोन्ही हत्यारे आदेश देणाऱ्या न्यायालयातच उपलब्ध असतात. आदेश अंतरिम असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 नियम 2अ खाली अर्ज करता येतो आणि तिथे दिवाणी कैदेची मर्यादा तीन महिने आहे. तारखा पडतात, हे खरे. परंतु शिक्षेपेक्षा भेट हवी असेल, तर सोबतच्या अर्जात बुडालेल्या भेटींची भरपाई, घराऐवजी न्यायालयातील भेटीची खोली किंवा अन्य तटस्थ जागा, आठवड्यातून ठरावीक वेळी व्हिडिओ कॉल आणि विवाह समुपदेशकाचा अहवाल मागता येतो. ताब्याचे आणि भेटीचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, त्यामुळे अशा अर्जाला अडसर नसतो.

पालकाला डावलून मूल नातेवाइकांनीच ठेवून घेतले असेल, तर गोष्ट वेगळी. आईच्या मृत्यूनंतर तिच्या माहेरच्यांकडे राहिलेल्या मुलीचा ताबा वडिलांना देणारा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये कायम केला आणि कायदेशीर अधिकार नसलेल्यांनी मूल अडवून ठेवल्यास हेबिअस कॉर्पस याचिका (अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा, अशी मागणी) चालू शकते, असे मानले. केवळ शनिवारची भेट चुकत असेल, तर ही तोफ आणू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी भिस्त कागदावर असते. दर वेळी फाटकाच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि सही करून त्या पानाचा फोटो घ्यावा; आदल्या दिवशी "उद्या दहाला येतो" असा साधा, रागाचा लवलेश नसलेला संदेश पाठवावा; आणि पुढील तारखेला झालेला प्रकार पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन न्यायालयाच्या नोंदीवर आणावा. मोबाइलमधील संदेश सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडायला अनेक जण विसरतात. आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवणारा माणूस स्वतःच थकबाकीदार ठरून समोरच्याच्या हाती आयते कोलीत देतो. मूल मिळाल्यावर ते वेळेवर परत न सोडणाराही तेच करतो.

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतील मुक्काम हवा असेल, तर अर्ज किमान दोन महिने आधी द्यावा, कारण नोटीस बजावून समोरच्याचे म्हणणे येईपर्यंत शाळेची सुट्टी संपलेली असते.