पाच माणसं, चार डफल बॅगा, नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर आम्ही घरातल्या दोन जुन्या सूटकेस काढून टाकल्या आणि डफल बॅगा, म्हणजे मऊ कापडाच्या लांबट बॅगा, घेतल्या. कारण आमची गाडी. छोटी हॅचबॅक, सीएनजीवर चालणारी, त्यामुळे निम्मी डिकी टाकीनेच अडवलेली. टाकीपुढे जी चिंचोळी जागा उरते तिच्यात कडक सूटकेस आडवी बसत नाही आणि उभी ठेवली तर दार लागत नाही. मऊ बॅग दाबून बसवता येते.

घरात आम्ही दोघं, अकरा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. सुरुवातीला दोनच बॅगा घेतल्या. एक ९० लिटरची, चाकांची. दुसरी ४० लिटरची, बिनचाकांची. मोठीत सगळ्यांचे कपडे मावतील आणि उचलायला एकच नग, असा विचार होता. तो साफ चुकला, आणि कुटुंबासाठी बॅग बघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते: एक मोठी घेऊ नका, माणशी एक लहान घ्या.

डिसेंबरात तुतारी एक्सप्रेसने चिपळूण आणि तिथून एसटीने गुहागरच्या बाजूला आमच्या गावी गेलो. रेल्वेत दोन्ही बॅगा बर्थखाली छान सरकल्या, तिथे डफलला तोड नाही. खरा प्रश्न एसटीत आला. लहान बॅग वरच्या रॅकवर गेली, मोठी मात्र वाटेतच ठेवावी लागली. चढणारी-उतरणारी माणसं तिला ओलांडून जात होती, मला फार अवघडल्यासारखं झालं. आणि उतरल्यावर घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी, जवळजवळ साठ पायऱ्या. तिथे चाकांचा काय उपयोग? यांनी आणि दिरांनी दोन बाजूंचे बंद धरून ती बॅग खाली नेली. संध्याकाळपर्यंत यांची पाठ धरली होती.

चाकांची किंमत वजनातही मोजावी लागते. ही मोठी बॅग रिकामीच ३.४ किलो भरते, ४० लिटरवाली जेमतेम ९०० ग्रॅम. फेब्रुवारीत मी एकटी विमानाने नागपूरला लग्नाला गेले. चेक-इनच्या सामानाला १५ किलोची मर्यादा, त्यातले साडेतीन किलो नुसत्या बॅगेनेच खाल्ले. काट्यावर आकडा १६ च्या वर गेला. काउंटरसमोर, सगळ्यांच्या देखत बॅग उघडून दोन साड्या आणि आहेराचा डबा खांद्यावरच्या पिशवीत घालावा लागला. हातातल्या सामानाला ७ किलोची मर्यादा असते, ४० लिटरची बॅग नीट भरली तर तेवढ्यात बसते. मी तसंच केलं असतं तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये आणखी दोन लहान बॅगा आणल्या, दोघा मुलांसाठी, एक पिवळी, एक निळी. तेव्हापासून घरातला निघतानाचा गोंधळ खूप कमी झाला. मुलं आपली बॅग आपण भरतात, आपण उचलतात. धाकट्याच्या बॅगेत चार किलोंवर काही घालू देत नाही.

डफलचा मोठा दोष म्हणजे आत कप्पे नसतात. तळातला टॉवेल हवा असेल तर सगळं उपसावं लागतं. यावर सासूबाईंनी उपाय काढला: उशीचे जुने अभ्रे. एका अभ्र्यात दोन दिवसांचे कपडे, एकात आतले कपडे, एक रिकामा धुवायच्या कपड्यांसाठी. मी तयार पाऊच विकत घेणार होते, गरजच पडली नाही.

आता टिकाऊपणा. मोठीचं कापड १६८० डेनियरचं, लहान तिन्हींचं ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). कापडाला कुठेच काही झालं नाही, एसटीचा पत्रा घासूनसुद्धा. जाते ती चेन. पहिल्या लहान बॅगेची चेन चौथ्या महिन्यात मागून उसवल्यासारखी उघडायला लागली. दात शाबूत होते, रनर, म्हणजे चेनीवर सरकणारा तुकडा, सैल झाला होता. स्टेशनजवळच्या बॅगवाल्याने साठ रुपयांत रनर बदलून दिला, अजून चांगला चालतोय. खांद्याच्या पट्ट्याचा प्लॅस्टिकचा हूकही तुटला, तिथे धातूचा लावून घेतला. दुकानात बघताना हूक धातूचा आहे का, आणि बंद जिथे बॅगेला जोडलेला असतो तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई आहे का, एवढं नक्की बघा. सगळा भार तिथेच येतो.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. कापडाला आतून लेप असतो, पण पाणी चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून शिरतं. जूनमध्ये ताम्हिणीत वीस मिनिटं कॅरिअरवर राहिलेल्या बॅगेतले वरचे कपडे भिजले. तळाचा पुठ्ठा फुगला तो वेगळाच. त्याजागी मी सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लॅस्टिकची, शीट कापून घातली, ती हलकीही आहे आणि पुसताही येते.

मे महिन्यात गावाहून येताना कोकमाच्या आगळाची बाटली पाझरली. अस्तरावरचा लालसर डाग गेला नाही, पण साबणाच्या पाण्याने वास गेला. सोड्यांचा, म्हणजे सुक्या कोळंबीचा, वास मात्र तीन दिवस उन्हात उलटी करून टांगल्यावर गेला. कडक सूटकेस अशी उलटी करून धुता आली नसती. पावसाळ्यात बॅग बंद करून ठेवू नका, बुरशी धरते. आमच्या चेन उघड्याच असतात.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खांद्यावर बॅग घेणं जमत नाही. त्यांच्यासाठी गणपतीच्या आधी चौथी लहान डफल घेते आहे, ती आमच्यापैकी कोणीतरी उचलेल. मोठी चाकांची बॅग माळ्यावर गेली आहे, गोधड्या भरून.