गॅरेजात पार्टिशन: लाकूड, जीआय की ब्लॉक?

पावसाळ्यात गॅरेजात पाणी शिरतं का, हे आधी पाहा, मटेरियलचं नंतर. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वडोदऱ्यात समा, अकोटा भागांतल्या घरांत घुसलं. तसं तुमच्या गल्लीत आलं असेल तर प्लाय आणि जिप्सम या दोघांचाही नाद सोडा, सरळ चार इंची एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ब्लॉक) लावा. (मगरीही आल्या होत्या, पण त्यांच्यावर पार्टिशन हा उपाय नव्हे.) गॅरेज कोरडं राहत असेल तरच निवडीला वाव आहे.

हिशेबासाठी 12 फूट लांब, 9 फूट उंच भिंत धरू. मधोमध 3 बाय 7 चं दार.

लाकडी सांगाडा दोन बाय तीन इंचाचा पुरतो. उभ्या पट्ट्या सेंटर ते सेंटर 24 इंचांवर, कारण शीट 8 बाय 4 ची असते आणि तिचा जोड पट्टीवरच आला पाहिजे. आडवे तुकडे 4 फुटांवर आणि 8 फुटांवर. 8 फुटांवरची ओळ सुतार हमखास गाळतात. मग शीटची वरची कड अधांतरी राहते आणि फुगते. सगळं मिळून साधारण 120 रनिंग फूट, म्हणजे 5 घनफूट. वाया जाणारं धरून साडेपाच घ्या. शीट प्रत्येक बाजूला तीनच लागतात. मधल्या शीटमधून दाराचा तुकडा निघतो, त्यातून फूटभर रुंदीच्या सहा-सहा फुटांच्या दोन पट्ट्या कापल्या की वरचा एक फूट भरून निघतो.

वखारीत स्वस्तात मिळतं ते बहुतेक गांधीधामकडून आलेलं पाइन. काम करायला छान, पण वाळवीला त्याहून छान. ट्रीट केलेलं नसेल तर घेऊ नका. पावसाळ्यात घेतलंत तर खाली-मध्ये पट्ट्या घालून दोन आठवडे गॅरेजातच रचून ठेवा. ओलं ठोकलं की दिवाळीनंतर पीळ पडतो आणि दार चौकटीत अडकतं. सागाची हीर (आतलं पक्कं लाकूड) टिकते, पण प्लायमागे झाकायला साग घालणं म्हणजे पैसे उधळणं.

खरी लढाई तळपट्टीची आहे. ती फरशीवर थेट बसवली की गाडी धुतल्याचं पाणी तिथेच मुरतं. म्हणून आधी 4 इंच उंच काँक्रीटचा पट्टा ओता. दारात तोच उंबरा होईल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, तिलाही हा उंबरा काहीसा अडवतो. पट्टा ओतण्याआधी त्या रेषेवर दर फुटाला 12 मिमीचं भोक पाडून प्रत्येकात एक लिटर वाळवीचं औषध सोडा. ते नुसतं वरून फवारलं तर जमिनीखालून येणारी वाळवी थांबत नाही. पट्टा वाळला की त्यावर डांबरी फेल्ट, मग तळपट्टी, आणि दर दोन फुटांवर अँकर बोल्ट. गाडीच्या बाजूला प्लाय लावू नका, 8 मिमी फायबर सिमेंट बोर्ड लावा. आतल्या बाजूला 12 मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला वाळवी लागत नाही, तो वळतही नाही, आणि दोन माणसं दिवसात उभा करतात. खाली-वर 50 मिमी चॅनेल, उभे 48 मिमी स्टड, 12.5 मिमी जिप्सम. पण अर्धा मिमी पत्र्यात स्क्रू धरून राहत नाही. सायकल, शिडी, ग्राइंडर टांगायचे असतील तर स्टडांच्या मधे 18 मिमी प्लायची पट्टी आधीच घालावी लागते, आणि ती नेमकी कुठे हे बोर्ड लागण्याआधी ठरवावं लागतं. लाकडात ते कधीही ठरवता येतं. जिप्समची खालची कड फरशीपासून 10 मिमी वर ठेवा, नाहीतर ती पाणी शोषत वर नेते. वर्कशॉप करायचं असेल तर आम्ही जीआय सुचवत नाही. स्वच्छ स्टोअर किंवा अभ्यासाची खोली असेल तर तेच बरं.

ब्लॉकची भिंत मात्र काढता येत नाही, पाडावी लागते. 600 बाय 200 बाय 100 मिमीचे सत्तर ब्लॉक पुरतात. दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टरसकट वजन नऊशे किलोच्या आसपास. लाकडी भिंत सव्वादोनशेची. विटेची साडेचार इंची भिंत दोन टनांच्या वर जाते, ती पायाशिवाय नुसत्या पीसीसीवर (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटवर) उभी करू नका, फरशी खचते. एएसीत तडे येतात ते दोन ठिकाणी: जुन्या भिंतीच्या जोडावर आणि वर स्लॅबखाली. जोडावर प्लॅस्टरआधी जाळी ठोका. स्लॅबखाली दीड सेंटीमीटर फट ठेवून ती फोमने भरा. मिस्त्री तिथे मसाला ठासायला बघतो, त्याला तो ठासू देऊ नका, कारण स्लॅब जरा वाकला की सगळा भार भिंतीवर येतो.