भाडं वेळेवर येत होतं, म्हणून कागद तपासला नाही

मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर मी बावीस वर्षं दिवाणजी आहे. हिशेब आणि कागद हेच माझं काम. तरी २०२२ मध्ये पुण्याच्या नऱ्ह्यात एक खोली घेताना साडेबारा लाख रुपये पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर देऊन बसलो. भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिलीच जागा बघत असाल, तर हे वाचा.

पैसे होते पोस्टातले, दोन भिशांचे आणि बायकोने डबे करून साठवलेले अडीच लाख. नऱ्हे-आंबेगावला कॉलेजं भरपूर, मुलांना खोल्या लागतातच, त्यामुळे विचार चुकीचा नव्हता. वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, भाडेकरू तयार, महिना साडेसात हजार. वर्षाचे झाले ९० हजार, म्हणजे सात टक्क्यांच्या वर. पुण्यात चोख कागदांच्या फ्लॅटला वर्षाला किमतीच्या तीन-साडेतीन टक्के भाडं सुटतं. इथे दुप्पट कसं सुटतंय, हे मी विचारलंच नाही. जागा स्वस्त होती, कारण तिच्यावर कुठलीच बँक कर्ज देत नव्हती. एजंट म्हणाला, "काका, गाव आत्ताच महापालिकेत आलंय, म्हणून लोन अडलंय. एकदा नियमित झालं की हीच खोली वीसला जाईल." नऱ्हे जून २०२१ मध्ये इतर बावीस गावांबरोबर महापालिकेत आलं, हे खरंच होतं. तेवढं खरं निघालं म्हणून मी बाकीचंही धरून चाललो.

घर बघायला बायको आली तेव्हा तिने एकच विचारलं, "अहो, लाईटचं बिल कुणाच्या नावावर येतं?" जिन्याखाली बिल खोचलेलं होतं. बिल्डरच्या नावाचं, बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या कनेक्शनचं, आणि अख्ख्या मजल्याला तेच एक मीटर. "होईल बदलून," मी म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. आज मला सगळ्यात जास्त तेच लागतं.

नोटरीकडे कागद झाला. लाल शिक्का, फोटो, अंगठे, सगळं. रजिस्ट्रेशन 'गुंठेवारी झाल्यावर', म्हणजे बेकायदा प्लॉट-बांधकाम सरकारकडून नियमित झाल्यावर, करायचं ठरलं. पुढचे नऊ महिने पाच तारखेच्या आत एजंट भाडं आणून द्यायचा. सहाव्या महिन्यात मी माझ्या मेहुण्यालाही तीच इमारत दाखवली. त्याने घेतली नाही, हे नशीब.

दहाव्या महिन्यात भाडं आलं नाही, फोनही बंद. खोलीवर गेलो तर दारात छोट्या चपला. आत एक कुटुंब राहत होतं. त्यांच्याकडेही नोटरीचा कागद होता, तोच खोली नंबर, आणि तारीख माझ्या चार महिने आधीची. ती माणसं गावाकडचं शेत विकून आली होती. त्यांना काय बोलणार? आधी राहणारी मुलं नंतर भेटली. ती भाडं देत होती पाच हजार. वरचे अडीच हजार एजंट स्वतः घालत होता, म्हणजे माझ्याच पैशातून मला भाडं मिळत होतं. नऊ महिन्यांत मला मिळाले साडेसदुसष्ट हजार, आणि तेवढ्यावर माझा विश्वास बसला.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलंच सांगितलं की शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत विकत घ्यायची तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. नोटरी फक्त सही कुणी केली ते सांगते, मालकी देत नाही. कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) केलेल्या विक्रीनेही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान प्लॉटवरच्या इमारतीला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागत नाही, हे एजंटचं म्हणणं बरोबर होतं. पण फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठीचा १९६३ चा मोफा कायदा म्हणतो की किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसे घेण्याआधी बिल्डरने नोंदणीकृत करार करून द्यायला हवा. माझ्याकडून त्याने शंभर टक्के घेतले. घरपट्टीची पावती दाखवली होती, तिचाही उपयोग नाही, कारण महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते.

सातबारा काढला तर जमीन पाच वारसांच्या नावावर, आणि बिल्डरने करार केला होता त्यातल्या एकाशीच. हे घरबसल्या दिसलं असतं. सातबारा ऑनलाइन मिळतो, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, बघता येतो. आणि कर्ज घ्यायचं नसलं तरी एखाद्या बँकेत फाईल टाकून बघा. त्यांचा वकील जे कागद मागेल, तेच तुम्ही मागा. बँक नाही म्हणाली तर का म्हणाली ते विचारा, आणि ते कळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.

त्या कुटुंबाने आणि मी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यांच्या ओट्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवून आम्ही ती लिहिली, मुलांची आई चहा करत होती. नंतर आमच्यासारखे आणखी लोक भेटत गेले. इमारतीत खोल्या सोळा आहेत. कागद घेऊन आलेले आम्ही आतापर्यंत एकवीस जण आहोत.