माथेरानमधील एक निवासगृह: मंदीच्या दिवसांतील मुक्काम

माथेरानच्या बाजारपेठेपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या एका जुन्या, मध्यम दर्जाच्या निवासगृहात आम्ही दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवसांत राहिलो, त्या मुक्कामाचे हे परीक्षण आहे. निवासगृहाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या एकट्या त्याच्या नाहीत. त्या दर्जाच्या बहुतेक निवासगृहांत त्या थोड्याफार फरकाने आढळतील. मुंबई-पुण्याच्या पगारदार माणसाने हात आखडता घेतला की त्याच्यावर पोसलेले गाव कुठे कुठे काटकसर करते, हे खोलीत, ताटात आणि शेवटी बिलात दिसते. त्यांतील काही काटकसर शहाणपणाची असते आणि काही ग्राहकाच्या खिशातून वसूल केली जाते, आणि या परीक्षणाचा भर त्या फरकावर आहे.

आमचा दर दोघांसाठी सकाळचा चहा, नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण धरून दिवसाला ३,२०० रुपये होता. याच खोलीला शनिवारी साडेपाच हजार मागतात, असे व्यवस्थापकांनी स्वतःहूनच सांगितले. निवासगृहाच्या मागच्या बाजूची खोल्यांची ओळ कुलूपबंद होती आणि पाहुणे फक्त पुढच्या ओळीत ठेवले जात होते. यात गैर काही नाही. सहा खोल्यांसाठी सगळे दिवे, पंप आणि सफाई चालू ठेवण्यापेक्षा निम्मी इमारत बंद ठेवणे केव्हाही बरे, आणि पाहुणे एकाच बाजूला असल्यामुळे रात्री कुणाला हाक मारायची झाली तर माणूस जवळ सापडतो. गरम पाणी सकाळी सहा ते नऊ या वेळेतच मिळेल, अशी पाटी स्वागतकक्षात लावलेली होती आणि त्या वेळेत ते खरोखर मिळाले. गॅसचा प्रत्येक सिलिंडर, मोटारी जेथे थांबवाव्या लागतात त्या दस्तुरी नाक्यापासून माणसाच्या किंवा घोड्याच्या बळावर आणावा लागतो, हे लक्षात घेतले तर अशा वेळा पाळायला कुणाची हरकत नसावी.

जेवण हा या मुक्कामाचा सर्वांत चांगला भाग होता आणि गंमत अशी की ते मंदीमुळेच सुधारले असावे. पूर्वी अशा निवासगृहांत पंजाबी, चायनीज आणि गुजराती असे तिहेरी पदार्थांचे लांबलचक पत्रक हाती देत आणि मग त्यातले निम्मे पदार्थ संपलेले असत. आता पत्रक नाहीच. सकाळी दहाच्या सुमारास स्वयंपाकी येऊन दुपारचा बेत सांगतो: एक रस्साभाजी, एक सुकी भाजी, आमटी किंवा कढी, पोळ्या, भात, कोशिंबीर आणि रात्री एखादा गोड पदार्थ. भाजी पायथ्याहून, नेरळच्या बाजारातून वर येते आणि वाहतुकीमुळे तिचा भाव वर पोहोचेपर्यंत चढलेला असतो, त्यामुळे जेवढी माणसे तेवढीच भाजी आणली जाते. परिणामी ताटात आलेली फरसबी कोवळी होती, कढी ताजी होती आणि पोळ्या तव्यावरून थेट येत होत्या. दुसऱ्या दिवशीची वांगी-बटाटा भाजी मात्र तिखटाने इतकी जळजळीत होती की शेजारच्या टेबलावरील मुलाला दहीभात मागवावा लागला. तो लगेच आणि कोणताही आकार न लावता मिळाला, हेही नोंदवले पाहिजे.

आता वाईट बाजू. गाद्यांचा कापूस बसून गोळा झालेला होता, चादर स्वच्छ पण विरलेली होती आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती. या गोष्टी सांगितल्यावर एक गादी बदलून मिळाली, कडीचे काही झाले नाही. पूर्वी जेथे सात-आठ माणसे कामाला होती तेथे आता तिघे होते, आणि सामान उचलणे, खोल्या झाडणे, जेवण वाढणे अशी सगळी कामे त्यांच्याकडूनच करून घेतली जात होती. चालकाने ही इमारत मुंबईत राहणाऱ्या मालकाकडून वर्षाच्या ठरावीक रकमेवर चालवायला घेतलेली आहे. खोल्या भरोत अथवा न भरोत, ती रक्कम कमी होत नाही. म्हणून धंदा बसला की कात्री प्रथम लागते ती नोकरांच्या संख्येला, नंतर दुरुस्तीला आणि सर्वांत शेवटी दराला. त्या तिघांपैकी एक मुलगा पायथ्याच्या वाडीतून रोज डोंगर चढून येत होता. आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्याला रोजंदारीवरच बोलावले जाते, म्हणजे खोल्या रिकाम्या राहिल्या तर त्या दिवसाची मजुरी नाही.

गर्दी पाहून मात्र मंदी आहे असे कोणालाही वाटणार नाही, आणि येथेच बाहेरून आलेला माणूस फसतो. शनिवार-रविवारी दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकाहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या शटलगाडीत पाय ठेवायला जागा नसते. पण त्यातले बरेच लोक संध्याकाळी परत उतरून जातात. पैसा जपून खर्च करायची वेळ आली की मुंबईकर माथेरानला येणे सोडत नाही, तो तेथे रात्र काढणे सोडतो. लोकलने नेरळ, तेथून सामायिक टॅक्सीने दस्तुरी, प्रवासी कर भरून आत, एक-दोन पॉइंट, वडापाव, सरबत, परतताना चिक्कीचे एखादे पाकीट, असा त्याचा दिवस थोडक्यात उरकतो. मुक्कामी पाहुण्याला सामानासाठी हमाल लागतो, लहान मुलांसाठी घोडा लागतो, संध्याकाळी करमणूक म्हणून तो बाजारात हिंडतो आणि सकाळी पुन्हा एखादा पॉइंट पाहायला निघतो. गावातील माणसे मोजली तर संख्या तीच, पण गल्ल्यातील रक्कम निम्म्याहून खाली येते. या गावाची सारी रचनाच मुक्कामावर बेतलेली आहे. २००३ साली केंद्र सरकारने ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी असल्याने येण्या-जाण्यातच बराच वेळ जातो आणि म्हणूनच राहावे लागते, हा येथल्या धंद्याचा पाया होता.

महाबळेश्वरशी तुलना केली की माथेरानची अडचण अधिक स्पष्ट होते. तेथेही पर्यटक घटतात, पण देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी त्या तालुक्यात आणि आसपास पिकते. हॉटेल रिकामे राहिले तरी शेत उभे असते. माथेरानला शेत नाही, कारखाना नाही आणि पाच हजारांच्या आतल्या वस्तीला पर्यटनाशिवाय दुसरे मिळकतीचे साधन नाही. त्यामुळे येथे दोन संकटे एकाच वेळी आली की सावरायला वर्षे लागतात. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याच्या घटनांनंतर छोटी रेल्वे बंद झाली आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. जेथे घोडेवाला, हमाल, चप्पलवाला आणि खानावळवाला हे सगळे रोखीनेच व्यवहार करत होते, तेथे नाताळचा हंगाम तोंडावर असताना सुट्या पैशांवाचून सारे खोळंबले. शटल सेवा सुरू व्हायला २०१७ चा ऑक्टोबर उजाडला. पुढे २०१९ च्या पावसाने रेल्वेमार्ग उखडला, आणि तो दुरुस्त होण्याआधीच टाळेबंदी आली. २०२० च्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) जवळजवळ २४ टक्क्यांनी आकसले हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. माथेरानमध्ये त्या तिमाहीचा अर्थ एप्रिल-मेचा संपूर्ण उन्हाळी हंगाम गेला असा होता, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तोच हंगाम पुन्हा बुडाला. नेरळहून थेट वर येणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये धावू लागली. आमच्या खोलीतल्या गाद्यांचे वय या इतिहासाशी जुळवून पाहिले तर त्या अजून का बदलल्या गेल्या नाहीत हे कळते, मात्र त्यामुळे पाठ दुखायची थांबत नाही.

घोड्यांच्या सेवेबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण मंदीत सर्वांत वाईट अनुभव बहुधा तिथेच येतो. दस्तुरी नाक्यावर उतरताच माणसे गराडा घालतात आणि गाडीला वेळ आहे, रस्ता फार लांब आहे, चालवणार नाही, असे काहीबाही सांगून घोड्यावर बसवू पाहतात. वास्तविक तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर आहे आणि सावलीतून जाणारा तो रस्ता बहुतेकांना सहज चालता येतो. पर्यटकांच्या या दिशाभुलीला कंटाळून गावकऱ्यांनीच २०२५ च्या मार्चमध्ये बंद पुकारला होता. स्वतःच्या पोटावर पाय आणून गाव बंद ठेवावे लागले, यावरून प्रकरण किती चिघळले होते याचा अंदाज यावा. आम्ही पॅनोरमा पॉइंटसाठी घोडा ठरवला तो गावातून, दरफलक पाहून, आणि घोडेवाल्याने फलकावरचाच दर घेतला. घोडा तरतरीत होता, खोगीर नीट कसलेले होते आणि उताराला लगाम हातात धरून तो स्वतः पुढे चालत होता. रिकाम्या दिवसांविषयी विचारल्यावर तो म्हणाला, “घोडा उभा राहिला तरी खातोच, ताई.” खोलीला कुलूप लावता येते, घोड्याचा चारा-भुसा बंद करता येत नाही, नाक्यावरच्या अरेरावीचे हे समर्थन होत नसले तरी तिचे मूळ कुठे आहे ते यातून समजते.

हातरिक्षांविषयी फार लिहिण्याची आता गरज नाही. माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि तो योग्यच आहे. ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. वयस्कर माणसांना तिचा मोठा आधार वाटतो, परंतु आम्हाला रांगेत बराच वेळ उभे राहावे लागले.

बाजारपेठेत चामड्याच्या चपला अजूनही चांगल्या मिळतात. मधल्या वारी दुकानदाराला वेळ असतो, तो पट्टा पायाच्या मापाने बसवून देतो आणि भावात थोडी ओढाताण चालते. चिक्कीच्या दुकानांपैकी ज्याच्याकडे माल मोठ्या ढिगाने रचलेला असेल तेथून घेऊ नये. खप कमी असलेल्या दिवसांत ढीग म्हणजे जुना माल, आणि शेंगदाणा खवट लागतो. आम्ही लहान दुकानातून घेतलेली चिक्की कुरकुरीत निघाली.

बिलाविषयी एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. आमच्या बिलात मात्र १२ टक्केच लावलेले होते. व्यवस्थापकांना दाखवल्यावर त्यांनी संगणकात जुना दर राहिला असल्याचे सांगून बिल बदलून दिले. ते खरेही असेल, पण ज्यांनी पाहिले नाही त्यांचे पैसे गेलेच. दर उतरला तेव्हा हॉटेलांना आपल्या खरेदीवरील कराची वजावट मिळणे बंद झाले, त्यामुळे सगळीच्या सगळी सवलत ग्राहकापर्यंत पोहोचेल ही अपेक्षा भाबडी ठरेल; तरी नव्या करदराऐवजी जुना लावणे कोणत्याही सबबीखाली बसत नाही. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे आणि ज्यांनी नोंदणी केलेली नाही, अशा घरगुती निवासांनी तर हा कर आकारायचाच नसतो. याखेरीज ‘सेवा आकार’ म्हणून दीडशे रुपये वेगळे लावले होते. तो आकार त्या तीन नोकरांना मिळतो का, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. आम्ही ती रक्कम बिलातून काढायला लावली आणि तिघांच्या हाती परस्पर दिली.

एकूण विचार करता जेवणासाठी आणि माणसांच्या वागणुकीसाठी हे निवासगृह पाचपैकी चार गुणांना पात्र आहे, खोलीसाठी दोन आणि हिशेबातील चोखपणासाठी जेमतेम दीड. सोमवार ते गुरुवारच्या दरात ते परवडते. शनिवारच्या साडेपाच हजारांना मुळीच नाही, कारण त्या दिवशीही गादी तीच आणि वाढायला माणसे तीनच असतात. आरक्षण करण्यापूर्वी दूरध्वनीवर काही गोष्टी विचारून घ्याव्यात: स्वयंपाकघर त्या दिवशी चालू आहे की जेवण बाहेरून आणणार, कोणत्या ओळीतील खोली देणार, सेवा आकार निराळा आहे का आणि खोली सोडण्याची वेळ कोणती. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण काही निवासगृहे सकाळी नऊलाच खोली सोडायला सांगतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मागे कोणी पाहुणा येणार नसतो, आणि आधी मागितले तर दुपारच्या जेवणापर्यंत खोली ठेवू देतात.