"आज म्हापशाचा बाजार, बस नाही": मोपाहून थिवीला जाताना झालेली लूट

उत्तर गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर उतरून पुढे रेल्वे पकडायची असेल आणि बाहेर पडल्यापडल्या कुणी "आज बस नाही" असं सांगायला आला, तर त्याला उत्तरही देऊ नका. सरळ कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसपाशी जा आणि कंडक्टरला विचारा. आम्हा मायलेकींचे या एका थापेपायी सव्वीसशे रुपये गेले, गाडी चुकता चुकता राहिली आणि आईचं रक्तदाबाचं दुखणं रत्नागिरीपर्यंत सोबत आलं ते वेगळंच.

आम्ही फोंड्याचे. दाबोळीचा विमानतळ, वास्को, मडगाव हे सगळं आमच्या पायाखालचं. पेडणे तालुका मात्र आमच्यासाठी गोव्याचं दुसरं टोक. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिकडून उतरायची वेळ आली नव्हती. या वेळी बेंगळुरूहून येणारं विमान मोपाचं होतं आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला मामेभावाचं लग्न. फोंड्याला घरी जाऊन पुन्हा उलटं उत्तरेकडे येण्यात अर्थ नव्हता, म्हणून मडगावहून निघणाऱ्या जनशताब्दीची तिकिटं थिवीपासून काढली. मोपाहून कदंबच्या बसने म्हापसा, म्हापशाच्या स्टँडवरून डिचोलीकडे जाणारी बस किंवा रिक्षा, आणि थिवी. हाताशी भरपूर वेळ ठेवला होता, त्यातला तासभर विमानाने खाल्ला.

बाहेर आलो तर पांढरा शर्ट, गळ्यात निळ्या पट्ट्याचं ओळखपत्र आणि हातात वॉकीटॉकी असा एक माणूस उभा. ओळखपत्र उलटं फिरलेलं, म्हणजे आपल्याला दिसायची ती कोरी बाजू. आमच्या पुढच्या लोकांशी तो हिंदीत बोलत होता. मी आईला "बस कुठे लागते बघते" म्हटलेलं त्याच्या कानावर पडलं मात्र, आणि लगेच सूर बदलून तो कोकणीत आला.

"खंय वचपाक जाय, बाय?"

म्हापसा म्हटलं. तर म्हणे, "आज शुक्रार मरे, म्हापशाचो बाजार. बस थंयच अडकल्या. दोन वरां तरी येवची ना." म्हणजे बस तिथेच अडकलीय, दोन तास तरी यायची नाही.

आता ही थाप किती बेतून मारलेली आहे बघा. वार खरंच शुक्रवार होता. शुक्रवारी म्हापशात बाजार भरतो हे गोव्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं, आणि त्या दिवशी स्टँडच्या आसपास वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात हेही. खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट जोडलं की ते कुणाला दिसत नाही. आई लगेच म्हणाली, "खरंच गं, आज बाजार." दिल्लीहून आलेल्या माणसाला तो हे सांगणार नाही. त्याच्यासाठी दुसरं काहीतरी असेल: संप, बसचं चार्जिंग, रस्ता बंद.

तेवढ्यात शेजारी ट्रॉली बॅग घेऊन उभा असलेला तिशीचा एक मुलगा शुद्ध मराठीत म्हणाला, "हो ताई, मी पण पाऊण तास ताटकळतोय. मलाही स्टेशनलाच जायचंय. तिघांत गाडी केली तर परवडेल." वॉकीटॉकीवाल्याने भाव सांगितला: स्टेशनपर्यंत माणशी तीनशे. त्या मुलाने थोडी घासाघीसही केली, अगदी आपल्या वतीने केल्यासारखी.

गाडी पांढरी, छोटी. पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. ड्रायव्हर वेगळा, वॉकीटॉकीवाला तिथेच थांबला. मी बसताना "थिवी" असं स्पष्ट म्हटलं, त्यावर ड्रायव्हरने मान हलवली. ती मान कशाला हलली ते पुढे कळलं.

विमानतळाचा जोडरस्ता उतरून गाडी धारगळपाशी हायवेला आली. म्हापसा, कोलवाळचा पूल, सगळं डावीकडे. गाडी वळली उजवीकडे. मी विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "ह्यांना पेडण्याला सोडू आणि मग थिवी. दहा मिनिटांचं काम." मागे वळून पाहिलं तर कदंबची बस त्याच जोडरस्त्याने येऊन डावीकडे वळत होती. आईने बोट दाखवलं, "अगं, ती बघ बस!" ड्रायव्हरने आरशात न बघताच उत्तर दिलं: "ती स्टाफची." काचेवर म्हापसा-पणजीची पाटी लावून स्टाफची बस!

पेडण्याचं स्टेशन आलं. तो मुलगा उतरला, डिकीतून बॅग एका बोटाला अडकवून काढली आणि चालायला लागला. विमानातून उतरलेल्या बॅगेला एअरलाइनची पट्टी असते, हिच्यावर चिटोराही नव्हता आणि ती रिकामी असल्यासारखी हलत होती. मुख्य म्हणजे त्याने पैसे दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. स्टेशनात न शिरता तो बाहेरच्या रस्त्याने चालत गेला.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आमच्या बॅगा खाली ठेवल्या आणि म्हणाला, "स्टेशन आलं. सहाशे."

पुढचा संवाद लांबलचक आहे, तो सगळा सांगत नाही. सार असं: बोली स्टेशनची झाली होती, मोपाला जवळचं स्टेशन पेडणे, थिवी वेगळं, थिवीचे आणखी अठराशे. शिवाय विमानतळावर गाडी उभी केली त्याच्या पार्किंगचे दोनशे. मी तिकीट खिडकीवर धावत जाऊन विचारलं, जनशताब्दी इथे थांबते का? खिडकीतल्या माणसाने मान वर न करता "नाही, थिवी" सांगितलं. त्याच्याकडे ही विचारणा करणारी मी पहिली नसणार. पेडण्याला मांडवी थांबते, आणखीही काही गाड्या थांबतात, पण जनशताब्दी तिथून धडधडत निघून जाते. बाहेर रिक्षा नाही. गोव्यात ओला-उबर नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. घड्याळ पुढे पळत होतं आणि ड्रायव्हर बोनेटला टेकून आमच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. घाई त्याला नव्हती.

गूगल पे करते म्हटलं तर "नेटवर्क नाही". त्याच्या डॅशबोर्डवरच्या फोनवर रील्स सुरू होत्या, एकामागून एक. रोख, आणि तीही निघायच्या आधी. दिले. थिवीला गाडी यायच्या थोडं आधी पोहोचलो आणि चढलो. त्यात त्याचा उपकार काही नाही. गाडी चुकली असती तर आम्ही भांडायला मोकळे झालो असतो आणि ते त्याला नको होतं.

आता यातल्या दोन गोष्टी नीट उलगडते, कारण पुढच्या माणसाला त्याच उपयोगी पडतील.

पहिली, नंबरप्लेट. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. पांढरी पाटी खासगी गाडीची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे रेंट-अ-कॅब, आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती. गोव्यात अशा गाड्या पावलोपावली दिसतात, त्यामुळे डोळ्याला त्यांची सवय झालेली असते. पण ती गाडी भाड्याने घेऊन दुसऱ्याने टॅक्सी म्हणून फिरवायची नसते. काळ्या पाटीच्या गाडीत कुणी सीटप्रमाणे भाडं घेऊन बसवत असेल, तर पुढचं सगळं खोटंच असणार. गाडी विजेची असेल तर पाटी हिरवी असते. तिच्यावर पिवळी अक्षरं असली तर व्यावसायिक, पांढरी असली तर खासगी. कदंबच्या इलेक्ट्रिक बसची पाटी बघा, लक्षात राहील.

दुसरी, स्टेशनचं नाव. उत्तर गोव्यात कोकण रेल्वेची पेडणे, थिवी आणि करमळी ही स्टेशनं, दक्षिणेला मडगाव, आणि महाराष्ट्राच्या हद्दीत लगेच मडुरे आणि सावंतवाडी रोड. प्रत्येक गाडी प्रत्येक ठिकाणी थांबत नाही. नेमकं या गोंधळावरच ही टोळी जगते. तुमच्या तिकिटावर जे स्टेशन छापलंय ते पावतीवर लिहून घ्या. पावती मिळत नसेल तर ती गाडी तुमची नाही. विमानतळाच्या आत प्रीपेड काउंटर आहे, गोवा माइल्स या ॲपवरच्या टॅक्सीसेवेचा काउंटर आहे. तिथे ठिकाण आणि रक्कम दोन्ही आधी ठरतात. टॅक्सी महाग वाटेल, गोव्यातली टॅक्सी महागच आहे आणि त्यावर आमचं विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत भांडण चालूच असतं. पण महाग आणि लबाड यांत फरक आहे.

टॅक्सीवाल्यांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. मोपाच्या पठाराभोवतीच्या गावांतल्या लोकांच्या जमिनी विमानतळाला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच घरांनी कर्ज काढून टॅक्सी घातल्या. पिवळ्या पाटीची गाडी घेऊन रांगेत उभा राहणारा पेडणेकर आणि आम्हाला लुटणारा हा माणूस यांना एका माळेत ओवू नका. थिवी स्टेशनबाहेरच्या एका टॅक्सीवाल्याने आमची हकिकत ऐकून त्या गाडीवाल्याला ज्या शिव्या घातल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत. त्याचंही गिऱ्हाईक हेच लोक पळवतात.

बसचं म्हणाल तर मोपाहून कदंबच्या बस म्हापसा-पणजीकडे जातात, मडगावकडेही जातात. वेळा मागेपुढे होतात, म्हणून जुना फोटो कुणी पाठवलाय त्यावर विसंबू नका, तिथे उभ्या असलेल्या कंडक्टरला किंवा चालकाला विचारा. बस खरोखरच नसेल तर तेही तोच सांगेल. बसचं तिकीट हातात मिळतं आणि आमच्या सव्वीसशेच्या तुलनेत ते फारच किरकोळ असतं. म्हापशाला उतरलात की डिचोली, अस्नोड्याच्या बस थिवीवरून जातात. कंडक्टरला "थिवी स्टेशन" सांगून ठेवा. सामान जास्त असेल तर म्हापशाच्या स्टँडवरून रिक्षा करा. एकटे असाल आणि पाठीवर एकच बॅग असेल तर पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल, हा गोव्याचा जुना आणि बिनबोभाट मार्ग आहे. भाडं मात्र बसण्याआधी ठरवायचं.

दाबोळीला उतरणाऱ्यांची फसवणूक वेगळ्या पद्धतीने होते. तिकडे विमानतळाजवळच दाबोळी नावाचं स्टेशन नकाशात दिसतं, आणि "स्टेशन इथेच आहे, शंभर रुपये" म्हणत लोक अंगावर येतात. ते स्टेशन वास्को-मडगाव या दक्षिण पश्चिम रेल्वेच्या मार्गावर आहे. मुंबईकडे जाणारी कोकण रेल्वेची गाडी पकडायची असेल तर मडगावच गाठावं लागतं. विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरून वास्को-मडगाव बस जातात. त्या मडगावच्या कदंब स्टँडला सोडतात, आणि स्टँड ते रेल्वे स्टेशन हे अंतर काही किलोमीटरांचं आहे, चालत जायचं म्हणून कुणी निघू नये. स्टँडवरून रिक्षा किंवा पायलट, आणि त्यासाठी अर्धा तास जास्तीचा ठेवा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, मडगावहून दुपारच्या गाड्या लवकर सुटतात, आणि मे महिन्यातली वेळ डोक्यात ठेवून जुलैत येणारे लोक घाईत या मंडळींच्या हाती अलगद सापडतात. निघण्याआधी १३९ ला फोन करून गाडीची वेळ विचारून घ्या.

तक्रारीचं काय झालं, तेही सांगते. रत्नागिरीहून परतल्यावर मोपाच्या पोलिसांकडे लेखी दिली. गाडीचा फोटो आईने काढून ठेवला होता. पेडण्याला मी खिडकीकडे धावले तेव्हा ती बॅगांपाशी उभी होती, आणि फोनमध्ये बघत असल्याचं दाखवत तिने गाडीचा आणि ड्रायव्हरचा असे दोन फोटो टिपले. नंबरवरून पोलिसांना गाडीचा मालक सापडला. त्याचं म्हणणं, गाडी आठवड्यासाठी एका गिऱ्हाइकाने नेली होती, तो काय करतो ते मला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाचा फोन बंद. वाहतूक खात्याकडेही अर्ज दिलाय, कारण रेंट-अ-कॅबचा परवाना त्यांच्या हातात आहे. अर्जाची पोच मिळाली आहे, पैसे मिळालेले नाहीत.

पोलिसांनी तिथेच एक गोष्ट सांगितली ती महत्त्वाची वाटली: पेडण्याच्या स्टेशनवर अडवलं तेव्हाच ११२ ला फोन केला असता तर गाडी हायवेवर पकडता आली असती. अशा लोकांविरुद्ध तक्रारी येतात त्या घरी पोहोचल्यावर, आणि बऱ्याच जणांकडे गाडीचा नंबरही नसतो. तेव्हा कुणी अशा गाडीत बसलेच असाल आणि ती भलत्या स्टेशनवर थांबली, तर खाली उतरून पाटीचा फोटो घ्या आणि ड्रायव्हरच्या देखत ११२ लावा. वॉकीटॉकीवाल्याचा फोटो आमच्याकडे नाही. गळ्यातला पट्टा निळा, उंची बेताची, उजव्या हातात चांदीचं कडं. शुक्रवारी मोपाला उतरणाऱ्यांनी लक्ष ठेवावं.