दोन 4 टीबी डिस्क, एमडीअ‍ॅडम आणि आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच असल्यासारख्या वापरणं. लिनक्सवर ते करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, म्हणजे एमडीअ‍ॅडमबद्दल, आठ महिन्यांत तक्रार करावी असं काही सापडलं नाही. तक्रारी आहेत त्या डिस्कबद्दल, केबलबद्दल आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) न विचारता धरून ठेवलेल्या एका आकड्याबद्दल.

मांडणी अशी: डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), सिस्टीम वेगळ्या एसएसडीवर, आणि डेटासाठी साडेतीन इंची 4 टीबीच्या दोन डिस्क रेड 1 मध्ये, म्हणजे आरसा: तोच डेटा दोन्हींवर. सिस्टीम मुद्दाम बाहेर ठेवली. यूईएफआय फर्मवेअरला (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) एमडीचा, म्हणजे लिनक्सच्या रेडचा, अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) कळत नाही, त्यामुळे ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा भाग) आरशात घालायचं तर मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) 1.0 वापरून तो पार्टिशनच्या शेवटी ढकलायचा, नाहीतर दोन्ही डिस्कवर वेगवेगळी ईएफआय पार्टिशनं ठेवून हाताने सारखी करत बसायचं. सिस्टीम तासाभरात नव्याने टाकता येते, घरच्या फोटोंचं तसं नाही.

डिस्क घेताना एकच गोष्ट घासून विचारा: सीएमआर की एसएमआर? सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक (डेटाच्या रेघा) सुटे असतात, एसएमआर डिस्कमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. थोडं थोडं लिहिताना ती ठीक चालते, पण रिबिल्डच्या (नव्या डिस्कवर आरसा पुन्हा भरण्याच्या) वेळी सलग काही तास लिहायचं म्हटलं की तिचा कॅशे भरतो आणि वेग कोसळतो. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्यानंतर त्यांच्या सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने येऊ लागल्या. (नावाचा घोळ बघा, ते रेड म्हणजे लाल, आपलं रेड वेगळं.) सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून, एकाच बॅचच्या घेऊ नका. एकत्र जन्मलेल्या एकत्रच म्हाताऱ्या होतात.

अ‍ॅरे बनवणं हे सगळ्यात सोपं काम. पूर्ण डिस्क देऊ नका, आधी जीपीटी (पार्टिशनच्या नोंदीची पद्धत) वापरून पार्टिशन करा आणि शेवटी 100 एमबी मोकळे सोडा. पुढे बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि चार सेक्टरांनी लहान निघाली, तर ती अ‍ॅरेत बसत नाही. शिवाय पार्टिशन टेबल नसलेली डिस्क ‘रिकामी’ समजून काही मदरबोर्ड तिच्यावर लिहून मोकळे होतात. मग एमडीअ‍ॅडमच्या क्रिएट आज्ञेत लेव्हल 1, उपकरणं 2 आणि दोन्ही पार्टिशनांची नावं ‘बाय-आयडी’ फोल्डरमधली द्या, म्हणजे मॉडेल आणि सीरियल नंबरवरून बनलेली. ‘हा अ‍ॅरे बूट करायला योग्य नसेल’ असा इशारा येतो. तिथे होय म्हणा, कारण बूट करायचंच नाहीये. सिंक (दोन्ही डिस्क सारख्या करणं) लगेच सुरू होतं, ते संपायची वाट न बघता ईएक्सटी4 (फाइलसिस्टीम) टाकता येतं. 4 टीबीला सरासरी 140 एमबी प्रति सेकंद धरले तर सिंकला आठेक तास लागतात. ईएक्सटी4 सुपरयूजरसाठी 5 टक्के जागा राखून ठेवतं. नुसत्या डेटाच्या अ‍ॅरेवर हे 200 जीबी फुकट जातात, ट्यूनटूएफएस आज्ञेने ते 1 टक्क्यावर आणा.

इथे बरेच जण थांबतात आणि रीबूट केल्यावर अ‍ॅरेचं नाव एमडी0 वरून एमडी127 झालेलं बघून घाबरतात. डेटा कुठेही गेलेला नसतो. डिटेल-स्कॅन आज्ञेने दिलेली ओळ एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये घालायची आणि इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नव्याने बनवायचं राहिलेलं असतं. एफएसटॅबमध्ये (बूटला काय जोडायचं त्या यादीत) यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळख क्रमांक) द्या आणि सोबत ‘नोफेल’ लिहा, नाहीतर अ‍ॅरे अडला की अख्खी मशीन बूटमध्येच अडते.

आता सुरुवातीला म्हटलेला तो आकडा. डिस्ककडून उत्तर यायची कर्नल 30 सेकंद वाट बघतं. साधी डेस्कटॉप डिस्क मात्र एक खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झटू शकते. तोवर कर्नलचा धीर सुटतो, ते लिंक रीसेट करतं, डिस्क दाद देत नाही आणि एमडी तिला अ‍ॅरेतून हाकलतं. एका सेक्टरपायी धडधाकट डिस्क बाहेर! नॅससाठीच्या (फाइल सर्व्हरसाठीच्या) डिस्क 7 सेकंदांत हात वर करतात. मग एमडी तो भाग दुसऱ्या डिस्कवरून वाचतं आणि खराब जागी पुन्हा लिहितं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. स्मार्टसीटीएल आज्ञेने एससीटी-ईआरसीचं (डिस्क किती वेळ झटते त्या मुदतीचं) मूल्य विचारा. सोय असेल तर वाचन आणि लेखन दोन्हींना 70 द्या (एकक सेकंदाचा दहावा भाग). सोय नसेल तर कर्नलची ती मुदत 180 करा. दोन्ही बदल वीज गेली की पुसले जातात, म्हणून यूडेव्हच्या (उपकरण दिसताच चालणाऱ्या) नियमात किंवा बूटच्या स्क्रिप्टमध्ये घाला. सगळ्या मांडणीत सगळ्यात जास्त मोलाची पाच मिनिटं हीच.

लाईट जाण्याचा धाक आपल्याकडे असतोच. 100 जीबीहून मोठ्या अ‍ॅरेला एमडीअ‍ॅडम आपणहून बिटमॅप (कोणत्या भागांत लिहिणं चालू आहे त्याची नोंद) जोडतं, त्यामुळे मशीन मध्येच बंद पडली तरी आठ तासांचं सिंक पुन्हा होत नाही, फक्त त्या क्षणी लिहिले जात असलेले भाग जुळवले जातात. तरी यूपीएस हवाच. घरच्या इन्व्हर्टरवर भागवत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का, ते बघा.

वेगाबद्दल गैरसमज नको. एकच मोठी फाइल वाचताना रेड 1 एका डिस्कइतकंच धावतं. दोन कामं एकाच वेळी वाचत असतील तेव्हाच दुसऱ्या डिस्कचा उपयोग होतो. दुप्पट वाचन हवं तर दोनच डिस्कवर रेड 10 चा ‘एफ2’ लेआउट करता येतो, पण लिहिताना डिस्कच्या हेडची पळापळ जास्त होते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास, डेबियन पूर्ण अ‍ॅरे तपासतं. रात्री मशीन बंद ठेवणाऱ्यांची ही तपासणी कधीच होत नाही, त्यांनी वेळ बदलून घ्यावी.

डिस्क गेल्याचा मेल यावा याची सोय करणं कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय रेड लावण्यात अर्थ नाही. एक डिस्क गेली तरी फाइली नेहमीसारख्याच उघडतात, आणि दुसरी जाईपर्यंत कळतही नाही. कॉन्फ फाइलमध्ये पत्ता घाला, एमएसएमटीपी (मेल पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवा आणि मॉनिटरला ‘टेस्ट’ पर्याय देऊन मेल खरंच येतो का बघा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे मशीन बंद करून एका डिस्कची साटा केबल काढायची आणि सुरू करायची. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यानंतर अ‍ॅरे एका डिस्कवर उठतो, एमडीस्टॅटमध्ये (अ‍ॅरेची स्थिती दाखवणाऱ्या फाइलमध्ये) दोन यू ऐवजी एक यू आणि एक रेघ दिसते. केबल लावून री-अ‍ॅड केलं की बिटमॅपमुळे काही क्षणांत जुळणी होते. हे अर्थातच बॅकअप घेऊन झाल्यावर. चुकून डिलीट केलेली फाइल आरसा दोन्हीकडून तितक्याच इमानदारीने पुसतो.

स्मार्टच्या (डिस्क स्वतः ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदींच्या) यादीतले 5 (बदललेले सेक्टर), 197 (संशयित सेक्टर) आणि 199 (केबलवरच्या चुका) एवढे तीन आकडे बघितले तरी पुरे. पहिले दोन वाढू लागले तर डिस्क बदलायची तयारी करा. 199 वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, केबल बदला. हा आकडा पुन्हा शून्य होत नाही, तो वाढतोय का एवढंच बघायचं. पॉवरसाठी जुन्या मोलेक्स जोडणीतून साटा काढणारा ओतीव प्लास्टिकचा कनेक्टर टाळा, तो शॉर्ट होऊन जळू शकतो.

डिस्क बदलताना जुनी अजून चालत असेल तर ती काढून टाकायची घाई नको. नवी डिस्क अ‍ॅरेत अ‍ॅड करून ‘रिप्लेस’ द्या, म्हणजे नवी पूर्ण भरेपर्यंत आरसा शाबूत राहतो. आणि डिस्क केसमध्ये बसवायच्या आधीच तिच्या दिसणाऱ्या कडेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे स्टिकरवर लिहून लावा. एसडीए आणि एसडीबी ही लिनक्सने दिलेली नावं बूटगणिक अदलाबदल होऊ शकतात, आणि त्या गोंधळात हमखास चांगली डिस्कच उपटली जाते.