आईच्या बोटांचं ऑपरेशन, जळगाव: सर्जनला पूर्ण मार्क, नंतरच्या थेरपीला नाही

आईला संधिवात, म्हातारपणाचा नाही, रुमेटॉइडवाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो. उजव्या हाताची बोटं सगळी करंगळीकडे कललेली, मुळाशी सांधे निसटलेले, खापरावरचे मांडे हातावर फिरवणारी बाई पाण्याचा पेला दोन तळव्यांत दाबून उचलायची. औषधं चालूच होती पण वाकडं झालेलं गोळीने सरळ होत नाही.

डॉक्टर मला आवडले ते एका गोष्टीसाठी, काय होणार नाही ते आधी सांगितलं. मूठ पूर्ण वळणार नाही, ताकद फार वाढणार नाही, दुखणं कमी होईल, बोटं सरळ होतील, पंजा उघडेल. चार बोटांच्या मुळाचे सांधे काढून सिलिकॉनचे बसवले, हे 1960 च्या दशकापासून वापरतात, पुढे तुटू शकतात आणि बोटं परत थोडी कलू शकतात हेपण सांगून टाकलं. मनगट आधी तपासलं, कारण ते वाकडं राहिलं तर बोटं परत त्याच वाटेने जातात. मानेचा एक्सरे सांगितला तेव्हा काकांनी तोंड वाकडं केलं, हाताला मान कशाला म्हणे, पण या आजारात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात आणि पूर्ण भूल देताना ते महागात पडतं. शेवटी नुसता हात बधिर करून केलं, आई आत गप्पा मारत होती.

आता तक्रार. ऑपरेशननंतर रबरबँडवाला स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारा हाताचा साचा) कित्येक आठवडे घालायचा, रात्रीचा वेगळा, आणि तो बसवणारी थेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येते!! मधेच रबर सैल झालं तर फोन कोणी उचलत नाही, चोपड्याहून यायचं आणि परत जायचं. गावातला फिजिओ गुडघे-कंबरवाला, तो सरळ म्हणाला हे माझं काम नाही, बरं झालं खरं बोलला.

आणि एक, घरात कोणाला रुमेटॉइड असेल आणि अचानक करंगळी नाहीतर अनामिका सरळ करता येईना, दुखत नसलं तरी लगेच दाखवा, मनगटाच्या हाडावर घासून बोट सरळ करणारी दोरी (टेंडन) तुटलेली असू शकते आणि थांबलं तर शेजारचीपण तुटते.

भाकरी अजून थापता येत नाही. चमचा धरते, निऱ्या स्वतः घालते, विचारलं की म्हणते "आते दुखत नही ना, बस". 4 स्टार. डाव्या हाताचं दिवाळीनंतर करायचंय, या वेळी आधी थेरपिस्टचा वार विचारणार, मग तारीख घेणार.